पलीकडे ऐकणारं कोणीतरी

राजाजीनगर, बेंगळूर
रविवार, १९ सप्टेंबर १९९९

प्रिय कौशल्या,

तुझं उत्तर येत नाही म्हणून मी लिहायची थांबेन असं तुला वाटलं असेल, तर इतक्या वर्षांत तू मला ओळखलंच नाहीस. गौरी-गणपतीचे पाहुणे परवा गेले, घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटतंय, आज रविवार आहे, आणि मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. लांबलचक आहे, आधी चहा करून घे. फोनवर एवढं सांगता येत नाही. तिथे किरणकुमारच बोलतो, 'आई बरी आहे मावशी' म्हणतो, आणि तू तिथेच शेजारी उभी असतेस हे मला इथे बसून कळतं. पुण्याला गेल्यापासून तुझी मराठी धुऊन इस्त्री केल्यासारखी झाली. माझी मात्र पणजोबांनी इथे आणली तशीच आहे, वर कन्नडचं पाणी चढलेली. मध्येच 'स्वल्प' किंवा 'सरी' आलं तर चालवून घे. पूर्वी हसायचीस तशी हस.

तर आमच्या शाळेत इंटरनेट आलं. हसू नकोस, खरंच आलं. माझी जुनी विद्यार्थिनी विद्याश्री आता व्हाइटफील्डच्या त्या नव्या काचेच्या इमारतीत एका कंपनीत नोकरी करते. तिच्या ऑफिसने जुने कॉम्प्युटर काढून टाकले, तेव्हा त्यातला एक मागून घेऊन ती रिक्षातून मांडीवर धरून शाळेत आली. सोबत मोडेम, दोन स्पीकर आणि एक छोटा माइक. आमच्या हेडमिस्ट्रेस भाग्यलक्ष्मी मॅडम म्हणजे वाईट बाई नव्हेत, पण शाळेत एकच फोन, तो त्यांच्या टेबलावर, आणि इंटरनेट चालू असलं की तो फोन मुका होतो. त्यांनी बराच विचार करून मंगळवार आणि शुक्रवारचा शेवटचा तास दिला. मग त्यांच्या खिडकीतून वायर काढून, व्हरांड्याच्या कडेने, ग्रंथालयाच्या कपाटामागच्या टेबलापर्यंत आणली. पहिल्यांदा मोडेम लागला तेव्हा तो जो चीत्कारला, तो ऐकून नववीच्या मुली एकमेकींना बिलगल्या. विद्याश्री म्हणाली, मिस, दोन यंत्रं एकमेकांना ओळख सांगताहेत. मला ते फार आवडलं. इतका आरडाओरडा करून ओळख सांगणारी माणसं आपणही पाहिली आहेत.

मला हे यंत्र हवं होतं ते एका कारणासाठी. तुला ठाऊक आहे, आमच्या मुली कन्नड माध्यमातल्या. इंग्रजीचा पेपर लिहितात, निबंध पाठ करतात, व्याकरणात चुकत नाहीत. पण 'सकाळी काय खाल्लंस?' एवढं इंग्रजीत विचारलं की वर्गाला कुलूप लागतं. विद्याश्रीने शोधलेल्या एका पानावर शब्दाला टिचकी मारली की तो शब्द कोणीतरी बोलून दाखवतं. आवाज उतरायला वेळ लागायचा, मुली टक लावून बसायच्या, आणि मग एक बाई 'कम्फर्टेबल' म्हणायची. सगळ्या मुली एका सुरात तसंच म्हणायच्या. महिनाभरात त्यांचे उच्चार असे झाले की मला माझेच तपासून घ्यावे लागले. मी खूश झाले. आणि एका मंगळवारी पुन्हा विचारलं, सकाळी काय खाल्लंस? कुलूप जिथल्या तिथे होतं. तेव्हापासून मला हा भुंगा लागला. शब्द आहेत, उच्चार आहेत, व्याकरण आहे, मग बोलणं नक्की कुठे अडतं?

इथे तुला चंदनाबद्दल सांगायला हवं. नववीत आहे. आपल्यातलीच, इथल्या जुन्या मराठी घरातली; वडील नागोजीराव, त्यांचं बाजाराच्या तोंडाशी स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. वर्गात मी तिच्याशी मराठी बोलत नाही, बाकीच्या मुलींना परकं वाटू नये म्हणून. प्रश्न विचारला की ती उभी राहते. समोर बघते. ओठ किंचित हलतात. आणि मग काही होत नाही. तेवढ्यात शेजारची पुष्पावती उत्तर सांगून मोकळी होते, वर्ग पुढे जातो आणि चंदना खाली बसते. ती तोतरी नाही, अडखळत नाही. क्वचित कधी वाक्य सुरू झालंच तर रुळावरून गाडी जावी तसं सरळ शेवटपर्यंत जातं. पण सुरू व्हायलाच वेळ लागतो, आणि तेवढा वेळ शाळेत कोणाकडेच नसतो. लिहिते बरी, पण शाळेत लिहिण्यापेक्षा उभं राहून उत्तर देणाऱ्याचा बोलबाला. 'मंद' हा शब्द तिला पाचवीत कोणीतरी चिकटवला आणि तो दरवर्षी वरच्या वर्गात तिच्यासोबत चढत आला.

जुलैमध्ये भाग्यलक्ष्मी मॅडमनी नागोजीरावांना बोलावलं. बनशंकरीला अशा मुलांसाठी एक शाळा आहे, तिथे तिच्या गतीने शिकवतील, दहावीचं ओझं तिला झेपणार नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. मीही तिथे बसले होते. मॅडमच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, त्यांना खरंच काळजी होती. म्हणूनच मला काही म्हणता येईना. नागोजीराव हात जोडून 'सरी, सरी' म्हणत होकार देत राहिले. बाहेर व्हरांड्यात आल्यावर मात्र ते थांबले आणि मला म्हणाले, "हेमाक्का, घरी ती बोलते. स्वल्प उशिरा बोलते, पण बोलते हो." मी मॅडमकडे परत गेले आणि सहामाही परीक्षेपर्यंत थांबा म्हणून विनंती केली. त्या म्हणाल्या, थांबते, पण काही दिसलं पाहिजे. काय दिसणार होतं, मला तरी कुठे माहीत होतं? एवढंच डोक्यात होतं की घरी बोलणारी मुलगी शाळेत का बोलत नाही हे आधी समजून घ्यावं.

त्याच सुमाराला विद्याश्रीच्या ऑफिसातल्या कोणीतरी सिंगापूरच्या एका मुलींच्या शाळेशी गाठ घालून दिली. तिथल्या मिसेस लिम आमच्यासारख्याच इंग्रजीच्या शिक्षिका, त्यांना त्यांच्या मुलींसाठी परदेशातल्या मैत्रिणी हव्या होत्या. आपल्याकडे दुपार कलली की तिथे संध्याकाळ होत आलेली असते आणि त्यांची दुपारची शाळा सुटायच्या बेतात असते. आता ही बोलायची तऱ्हा तुला नीट सांगते, कारण सगळी गंमत त्यातच आहे. आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर एका वेळी एकाच बाजूचा आवाज जातो. आपण बोलतो तेव्हा पलीकडचं ऐकू येत नाही. ते बोलतात तेव्हा आपण मध्ये तोंड घातलं तर दोघांचंही तुटतं. पोलिसांच्या वायरलेससारखं. शिवाय आवाज तिकडे पोचायला वेळ लागतो, म्हणून आपलं बोलून झालं की गप्प बसून वाट बघायची. पहिल्या दिवशी पुष्पावती आणि तिची टोळी एकदम ओरडल्या, पलीकडच्याही ओरडल्या, आणि स्पीकरमधून कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज आला. तो अख्खा तास तसाच गेला. दुसऱ्या खेपेला मी माइक एकीच्या हातात द्यायचा आणि बाकीच्यांनी बाकावर बसायचं असा नियम केला. सिंगापूरच्या मुली वाक्याच्या शेवटी 'ला' लावतात हे कळल्यावर आमच्या मुलींना कोण आनंद झाला! म्हणजे त्यांचंही इंग्रजी घरचं पाणी चढलेलंच. त्या दिवसापासून अर्ध्या वर्गाची भीड चेपली.

चंदनाच्या हातात माइक आला तो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. मेई नावाच्या मुलीने पलीकडून विचारलं होतं, तुला राग आला की तू काय करतेस? चंदनाने माइक तोंडाजवळ धरला आणि नेहमीसारखी समोर बघत राहिली. पुष्पावती बाकावरून उठायला लागली, तिला मी हातानेच खाली बसवलं. ग्रंथालयात पंख्याचा आवाज येत होता. पलीकडे तर सगळं शांत. मला वाटलं, आता त्या विचारतील, हॅलो, हॅलो करतील. पण कोणी काही विचारलं नाही. त्यांना वाटत होतं की आवाज वाटेत आहे, येईलच. आणि चंदना बोलली. इंग्रजीत, सावकाश, एकही चूक न करता. तिचं वाक्य मराठीत सांगायचं तर असं होतं: "सगळ्यांचं बोलून होईपर्यंत मी थांबते. मग फार उशीर झालेला असतो, आणि माझा राग तसाच राहतो." मग स्पीकरमधून मेईचा आवाज आला, "माझंपण तसंच होतं." आमच्या वर्गातलं कोणी हसलं नाही. पुष्पावती चंदनाकडे बघत राहिली, जणू शेजारच्या बाकावर कोणी नवीन मुलगी येऊन बसली होती.

मला त्या दिवशी भूक लागेना, कौशल्या. आनंद होताच, पण त्याहून जास्त कुतूहल. हे कशाने झालं? यंत्राने? इंग्रजीने? समोर चेहरे नव्हते म्हणून? मी एकेक करून बघायचं ठरवलं. पहिल्यांदा तिला एकटीला टेबलापाशी बसवलं आणि कॉम्प्युटरवर आपला आवाज भर म्हटलं. तो नंतर ईमेलने सिंगापूरला पाठवायचा होता. दोन वाक्यं बोलून ती थांबली. विचारलं, काय झालं? तिथे आम्ही दोघीच होतो म्हणून मराठीत म्हणाली, "मिस, यात पलीकडे कोणी नाही ना." म्हणजे यंत्राची जादू नव्हती. पलीकडे माणूस हवं होतं, तेही त्याच वेळी ऐकणारं. मग चेहऱ्यांचं बघितलं. वर्गात सगळ्या मुलींना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि चंदनाला कन्नडमध्येच प्रश्न विचारला. इतर दोघी-तिघी लाजाळू मुली भराभर बोलल्या, पण चंदना काही बोलली नाही. माझा तर्क चुकला. इंग्रजीचं म्हणावं तर माझ्या इंग्रजीच्या तासालाही ती कधी बोलली नव्हती. मग मी वैतागून, एका शनिवारी काही निमित्त काढून सरळ तिच्या घरी गेले.

दुकानाच्या मागेच घर आहे. नागोजीरावांच्या आई, सोयराबाई, पाटावर बसून शेंगा सोलत होत्या. त्यांना कमी ऐकू येतं. अगदी येत नाही असं नाही, पण बोललेलं आत पोचायला वेळ लागतो. त्या घरात काय होतं ते मी चहाचा कप हातात धरून बघत राहिले. नागोजीराव काहीतरी सांगतात आणि थांबतात. आजी त्यांच्या तोंडाकडे बघतात, मान हलवतात, मग उत्तर देतात. मधल्या वेळात कोणी काही बोलत नाही, कोणाला घाईही नसते. चंदनाची आई दाराशी उभी राहून बोलते, तीही थांबते. लहानपणापासून या मुलीने बोलणं असंच बघितलं होतं: एकाने बोलायचं, ते पलीकडे पोचू द्यायचं, मग दुसऱ्याने बोलायचं. आणि त्या घरात चंदना बोलली. शाळेत भिंतीवर नवीन नकाशा लावलाय हे तिने आजीला सांगितलं, मध्येमध्ये थांबत, समुद्र कुठल्या रंगाचा आहे इथपर्यंत. सिंगापूरची लाइन आणि सोयराबाईंचे कान यांनी तिला एकच गोष्ट दिली होती, आणि ती माझ्या वर्गात कोणी देत नव्हतं. घरी परत येताना मी रस्त्याने स्वतःशीच हसत होते. भाजीवाल्याने विचारलं, अक्का, काय झालं? मी म्हटलं, एक गणित सुटलं.

सुटलं म्हणजे काय, उत्तर कळलं. करायला ते फार कठीण निघालं. प्रश्न विचारल्यावर गप्प बसून बघ, म्हणजे कळेल. मी वर्गात विचारायची आणि ओठ मिटून उभी राहायची. वर्ग चुळबुळायला लागायचा, खडू खाली पडायचा, कोणीतरी खोकायचं. माझ्याच जिभेवर उत्तर येऊन बसायचं. मुलींना वाटलं, मिसना बरं नाही. पण हळूहळू वर्गाला सवय झाली. गंमत म्हणजे नुसती चंदनाच नाही, ज्यांच्याबद्दल मला कधी काही वाटलंच नव्हतं अशा मागच्या बाकावरच्या मुली बोलू लागल्या. आणि पटकन उत्तर देणाऱ्या पुष्पावतीची उत्तरं थांबायला लागल्यावर जास्त चांगली झाली. मंगळवार-शुक्रवार सिंगापूर, आणि बाकीचे दिवस माझं मौन.

सप्टेंबरच्या सुरुवातीला, गणपतीच्या आधी, भाग्यलक्ष्मी मॅडमनी शाळेच्या कमिटीला हे सगळं दाखवायचं ठरवलं. अध्यक्ष आले, दोन सभासद आले, ग्रंथालयात खुर्च्या मांडल्या. प्रत्येकीने आपल्या घराबद्दल सिंगापूरला थोडं सांगायचं होतं. पुष्पावतीचं झालं, टाळ्या झाल्या. चंदनाने माइक घेतला. थांबली. अध्यक्षांनी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी माझ्याकडे. मी जमिनीकडे बघत बसले. मग तिने सुरुवात केली. आमच्या घरामागून रेल्वे जाते, म्हणाली. माझ्या आजीला ती ऐकू येत नाही. पण आजी भिंतीवर हात ठेवते. आणि एवढ्यात स्पीकरमधून खरखर आली आणि लाइन तुटली. पडद्यावर लाइन गेल्याचा चौकोन आला. विद्याश्री ऑफिसात, मला पुन्हा लावता येईना. खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. मॅडम उठून अगदी प्रेमाने म्हणाल्या, असू दे, पुरे, छान झालं. हे 'छान झालं' तू ऐकलंयस ना, कौशल्या? मुलांना गप्प बसवायची ती सर्वांत गोड रीत. मला वाटलं, संपलं. ती मुलगी माइक हातात धरून तशीच उभी होती. पलीकडे कोणी नव्हतं आता. तिने माइक टेबलावर ठेवला, मॅडमकडे वळली, आणि बराच वेळ घेऊन म्हणाली, "मॅडम, आय हॅव नॉट फिनिश्ड."

उद्धटपणा नव्हता त्यात. नुसती माहिती होती, जणू कोणी म्हणावं की भात अजून शिजायचा आहे. मॅडम उभ्याच राहिल्या. त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं, आणि मग, हे मी आयुष्यभर विसरणार नाही, त्या पुन्हा खुर्चीवर बसल्या. त्या बसल्या म्हणून अध्यक्षही बसले. चंदनाने तिच्या वेळाने उरलेलं सांगितलं. आजी भिंतीवर हात ठेवते आणि आम्हाला सांगते, आली. मग मी तिच्या हातावर माझा हात ठेवते. मलाही भिंतीतून गाडी कळते. म्हणून आमच्या घरात गाडी आम्ही दोघी मिळून ऐकतो. झालं, म्हणाली, आणि जागेवर जाऊन बसली. नंतर मॅडमनी मला खोलीत बोलावून सांगितलं की बनशंकरीचं तूर्त राहू दे, दहावीला बसू दे तिला, पुढचं पुढे. माझी पाठ थोपटली नाही, मला तशी अपेक्षाही नव्हती. पण जाताना म्हणाल्या, हेमावती, ती थांबली ना मध्ये, तेव्हा माझा जीव घाबराघुबरा झाला. मी म्हटलं, माझाही. नागोजीरावांनी दुसऱ्या दिवशी शाळेत पेढे आणले आणि कोणाला काय म्हणून द्यायचे हे न कळून शिपायाच्या हातात डबा देऊन निघून गेले.

आता तुझ्याबद्दल. तू इथे पत्र खाली ठेवशील, तर ठेवू नकोस. मे महिन्यात मी तुझ्याकडे राहिले, तेव्हा तुझ्या घशाच्या ऑपरेशनला दीड वर्ष होऊन गेलं होतं. डॉक्टरांनी जीव वाचवला आणि आवाज घेतला, हे मला किरणकुमारने आधीच सांगितलं होतं. तरी दार उघडून तू नुसती हसलीस तेव्हा मी हडबडले. आपल्या बी.एड.च्या वर्गात तुझा आवाज मैदानापलीकडे जायचा. तू कविता म्हणालीस की शेजारच्या वर्गाचे सर शिकवायचे थांबायचे. मी पुण्याला येताना ठरवून आले होते की तुला बोलतं करायचं, पाटीवर लिहायला लावायचं, बाहेर न्यायचं. तू पाटी बाजूला सारलीस. मग काय झालं ते आठव. स्वयंपाकघरात तू भाजी निवडत होतीस, मी समोर बसले होते, आणि मी बोलायला लागले. यजमान गेले त्या दुपारी दवाखान्यात काय झालं, मी त्यांना शेवटचं काय म्हणाले, काय म्हणायचं राहिलं, हे मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही. मी मध्येच थांबायची, तू मान वर करून बघायचीस आणि वाट बघायचीस. 'जाऊ दे', 'होतं असं', 'रडू नकोस', काही नाही. तुला म्हणता येत नव्हतं म्हणून, असं मला तेव्हा वाटलं. बेंगळूरला येऊन महिने झाले आणि चंदनामुळे मला कळलं की तसं नव्हतं. आवाज होता तेव्हाही तू अशीच ऐकायचीस. आम्हीच तुझ्या आवाजाकडे बघत राहिलो. तुझा आवाज गेला ते बरं झालं असं मी म्हणत नाहीये. तो मला रोज आठवतो, आणि त्याचं मलाही दुःख आहे. पण परवा किरणकुमार फोनवर हळूच म्हणाला, मावशी, आई आता पाटीवरही लिहीत नाही. तेव्हापासून मी हे पत्र मनात लिहितेय.

म्हणून आता कामाचं ऐक. मिसेस लिम यांच्याकडे वार्षिक परीक्षा आल्या आहेत. येत्या शुक्रवारनंतर सिंगापूर बंद, आणि त्यांचं नवीन वर्ष जानेवारीत. माझ्या मुलींना मध्ये कोणी ऐकणारं हवंय, आणि ते मला असं हवंय की जे मध्ये बोलणार नाही. घरी किरणकुमारचं इंटरनेट आहे, विद्याश्री त्याच्याशी बोलली आहे, तो सगळं जोडून देईल. तुला फक्त हेडफोन लावून बसायचं आहे, आणि मुलीचं बोलून झालं की खालच्या पट्टीत तुझं म्हणणं टाइप करायचं. ते इथे पडद्यावर उमटतं. तू पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवलंस, काय टाइप करायचं ते मी तुला सांगायला नको. अठ्ठावीसच्या मंगळवारी शेवटच्या तासाला आम्ही तुला शोधू. तू आली नाहीस तर मी रागावणार नाही, पुन्हा पुढच्या मंगळवारी शोधेन. मुलींना मी तुझं नाव सांगितलं आणि तू बोलत नाहीस, लिहितेस, एवढंच सांगितलं. पुष्पावतीने लगेच विचारलं, का? मी कारण सांगितलं. चंदना त्या दिवशी दारापर्यंत गेली, परत आली, माझ्या टेबलापाशी उभी राहिली. मी वाट बघितली. आणि मग म्हणाली, "मिस, त्यांना सांगा, मी पूर्ण बोलेन. त्यांना घाई नसेल तर."

मंगळवारची वाट बघणारी,
तुझीच
हेमा